बेसचा रियाज: मेट्रोनोम आणि ड्रम ट्रॅक कसे वापरायचे

बेस गिटार हातात आल्यावर पहिले काही महिने नोटा शोधण्यातच जातात. कुठली तार, कितवा फ्रेट (मानेवरची धातूची पट्टी), कुठलं बोट. पण चार जणांबरोबर वाजवायला उभं राहिलं की ऐकणाऱ्याला आधी जाणवते ती लय. एखादी नोट चुकली तर ती निसटून जाते. बेस लयीतून सुटला तर ड्रमरपासून गायकापर्यंत सगळेच अडखळतात.

ठरलेल्या वेगाने टकटक, म्हणजे क्लिक देणारा मेट्रोनोम आणि नुसते ड्रम वाजवणारा ड्रम ट्रॅक ही दोन्ही साधनं आता फोनवर फुकट मिळतात, तरी रोज क्लिक लावून वाजवणाऱ्यांचीही लय बँडमध्ये पळते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. क्लिक चालू आहे तोवर ते क्लिकच्या मागे जात असतात, स्वतः मोजत नसतात. तबला शिकणारा लेहऱ्यावर (तालभर फिरत राहणाऱ्या धुनेवर) बसतो तेव्हा लेहरा आवर्तन धरून ठेवतो, पण आतल्या मात्रा मोजायचं काम त्याचं त्यालाच करावं लागतं. बेसचंही तसंच आहे. खालची प्रत्येक पायरी आधार थोडा थोडा काढून घेते, त्यामुळे क्रम सोडू नका.

आधी जोडणी नीट करा

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. फोनच्या स्पीकरला एवढा खालचा आवाज झेपत नाही, आणि ड्रम ट्रॅकमधली किकही (पायाने वाजणारा मोठा ड्रम) त्यात जवळपास नाहीशी होते. उरतं ते फक्त हाय-हॅटचं, म्हणजे झांजांच्या जोडीचं चकचक. म्हणून वायरचा हेडफोन घ्या, किंवा फोन जोडण्यासाठी ऑक्स इन असलेला छोटा प्रॅक्टिस ॲम्प वापरा.

ब्लूटूथबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. फक्त क्लिक ब्लूटूथवरून येत असेल आणि बेस ॲम्पमधून थेट कानावर पडत असेल, तर वाजवताना काही बिघडत नाही. पण बेसचा आवाजच ब्लूटूथमधून येत असेल तर रियाजाचा काही उपयोग नाही. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) दोन बीटमधलं अंतर ५०० मिलिसेकंद, आणि त्याचा चौथा भाग १२५. बोटाने तार ओढल्यावर नोट १५० मिलिसेकंदांनी ऐकू आली, तर तुम्ही एका चौथाईहून जास्त मागे ऐकत असता, आणि ती उणीव भरायला हात नकळत पुढे पळतो. रेकॉर्डिंग करतानाही ब्लूटूथ बंदच ठेवा.

क्लिकचा आवाज लाकडी ठोक्यासारखा, कोरडा आणि वरच्या पट्टीचा निवडा. बेस खाली वाजतो, त्यामुळे वरचा क्लिक वेगळा ऐकू येतो. पातळी अशी ठेवा की तुम्ही थांबलात तर क्लिक स्वच्छ ऐकू यावा, आणि नोट अचूक त्याच्यावर पडली तर तो नोटेखाली झाकला जावा. क्लिक मोठा ठेवला तर हे झाकलं जाणं कळतच नाही, आणि सुरुवातीला तीच सगळ्यात चांगली खूण असते.

शेवटची गोष्ट म्हणजे पहिल्या बीटला वाजणारी वेगळी घंटा बंद करा. सम कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक असायला हवं.

पायरी १: बेस बाजूला ठेवून टाळी

मेट्रोनोम ६० वर लावा, म्हणजे सेकंदाला एक क्लिक. पायाने क्लिक धरा आणि टाळ्या द्या. आधी क्लिकला एक, मग दोन, मग तीन, मग चार. दोनांना "एक-अन्" म्हणा, तिनांना "तकिट", चारांना "तकधिमि". प्रत्येक प्रकार एक मिनिट. मोठ्याने म्हणायचं, मनात नाही.

६० ला क्लिकमधलं अंतर १००० मिलिसेकंद असतं. दोनांत ते ५०० होतं, तिनांत ३३३, चारांत २५०. संथ वेग सोपा वाटतो, पण तो अवघड असतो, कारण दोन क्लिकमध्ये रिकामी जागा मोठी असते. ती आतून "तकधिमि"ने भरलेली असेल तर पुढचा क्लिक कधी येणार हे आधीच कळतं. ती रिकामी असेल तर क्लिक ऐकून मग नोट वाजते, आणि ती नेहमीच उशिरा पडते.

पायरी २: एकच नोट, पण सुरुवात आणि शेवट दोन्ही

ए तारेवर तिसरा फ्रेट दाबा, ही सी नोट. मेट्रोनोम ६०. पहिल्या क्लिकवर नोट वाजवा आणि तिसऱ्या क्लिकवर ती तोडा. तिसरा, चौथा क्लिक शांत. असे आठ बार (चार बीटचा एक बार). मग पहिल्यावर वाजवून दुसऱ्यावर तोडा. मग चारही बीटवर वाजवा, पण प्रत्येक नोट बरोब्बर "अन्"वर संपवा.

नवखे लोक नोट सुरू कधी होते तेवढंच पाहतात. बेसमध्ये ती संपते कधी यावर निम्मा खेळ असतो. एकच ओळ लांब नोटांनी वाजवली तर जड होते, आखूड नोटांनी वाजवली तर उड्या मारते. तोडताना डाव्या हाताचं बोट तारेवरून पूर्ण उचलू नका. दाब सोडा, पण बोट तारेला लागलेलं राहू द्या. पाचव्या, सातव्या आणि बाराव्या फ्रेटवर एकाच बोटाने असं केलं तर टिण्णकन हार्मोनिक (घंटेसारखा बारीक स्वर) वाजतो, म्हणून तिथे शेजारचं आणखी एक बोटही आडवं टेकवा.

आता उजव्या हाताकडे नीट पाहा. तर्जनी ए तार ओढते आणि वरच्या जाड ई तारेवर येऊन टेकते. पुढच्या नोटेसाठी मधलं बोट ए तारेवर येतं. ते ज्या क्षणी तारेला शिवतं, त्या क्षणी आधीची नोट मरते. बोट लवकर येऊन तारेवर वाट बघत बसलं, तर नोटेची सुरुवात क्लिकवर असूनही ती अर्धवट कापली जाते. क्लिककडे कितीही लक्ष दिलं तरी हा दोष सापडत नाही. यावर उपाय म्हणजे बोट तारेवर ठेवणं आणि ओढणं ही एकच हालचाल करायची.

दुसरा नेहमीचा दोष लंगडण्याचा. मधलं बोट लांब असतं, ते तारेवर वेगळ्या कोनातून येतं, आणि एक नोट जड, एक हलकी, एक लवकर, एक उशिरा असं होतं. मेट्रोनोम ८० वर ठेवून क्लिकला दोन नोटा वाजवा. एक मिनिट फक्त तर्जनीने, एक मिनिट फक्त मधल्या बोटाने, मग आलटून पालटून, आणि शेवटी सुरुवात मधल्या बोटाने करून. या शेवटच्या प्रकारात लंगडेपणा लगेच उघडा पडतो.

पायरी ३: नवी ओळ आधी क्लिकशिवाय

जेफ बर्लिन यांच्यासारखे मोठे बेसवादक आणि शिक्षक नवीन गोष्ट शिकताना मेट्रोनोम लावायला विरोध करतात. मेट्रोनोम कायमचा सोडून द्यावा असं आम्हाला वाटत नाही, पण शिकण्याच्या टप्प्यापुरता त्यांचा मुद्दा पूर्ण पटतो. बोटं कुठे जायची हेच ठरलेलं नसताना क्लिक लावला, तर हात अडखळतो, अडखळून पळतो, आणि तीच चूक हातात बसते. आधी नोटा, बोटं आणि तारा बदलण्याच्या जागा लयीशिवाय पक्क्या करा. थांबा, पाहा, पुढची नोट वाजवा. ओळ न बघता तीनदा सरळ आली की मग क्लिक.

क्लिक लावल्यावर ज्या वेगाला ओळ आरामात येते तिथून सुरू करा. सलग आठ वेळा स्वच्छ आली तर ४ बीपीएम वाढवा. मोडली तर १० ने खाली या. एका ठराविक वेगाला ओळ दर वेळी एकाच जागी मोडत असेल, तर वेग वाढवण्याचा हट्ट सोडा. तिथे बहुधा तार बदलते किंवा डावा हात सरकतो. त्या जागेच्या आधीची एक आणि नंतरची एक, एवढ्या नोटा घेऊन त्याच फिरवत राहा.

पायरी ४: क्लिकची जागा बदला

इथून खरा रियाज सुरू होतो. गाणं १०० बीपीएमचं आहे असं धरा. मेट्रोनोम ५० वर लावा आणि तो क्लिक दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर माना. ड्रममध्ये स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, इथेच वाजतो, त्यामुळे क्लिक लगेच स्नेअरसारखा भासू लागतो. अमेरिकन बेसवादक कॅरल के यांच्या बेस शिकवण्यात याच दोन-चारच्या क्लिकवर भर असतो.

सुरुवात अशी करा. क्लिक येईल तेव्हा "दोन" म्हणा, पुढच्याला "चार". चार-पाच वेळा तेवढंच. मग मधल्या शांत जागी "तीन" आणि "एक" घाला. चारही आकडे सरळ येऊ लागले की "एक"वर नोट सुरू करा. हमखास होणारी गडबड म्हणजे थोड्या वेळाने कान उलटतो आणि क्लिक एक-तीनवर वाटू लागतो. तसं झालं की वाजवत राहून सावरायला जाऊ नका. थांबा, पुन्हा "दोन... चार..." पासून मोजा. पहिल्या आठवड्यात हे दर मिनिटाला होईल, आणि त्यात वावगं काही नाही.

त्यानंतर क्लिक "अन्"वर माना, म्हणजे दोन बीटच्या मधोमध. नोट क्लिकवर नाही, क्लिकच्या आधी आणि नंतर पडते. त्याहून पुढे क्लिक फक्त चौथ्या बीटवर. १०० च्या गाण्याला त्यासाठी २५ बीपीएम लागतं. माल्त्सेल यांनी १८१५ मध्ये पेटंट घेतलेल्या लंबकाच्या मेट्रोनोमची नेहमीची पट्टी ४० पासून २०८ पर्यंत असते, त्यामुळे तो इथे उपयोगाचा नाही. फोनवरचं ॲपही तेवढं खाली जात नसेल तर चार बीटचा बार लावा आणि त्यातले पहिले तीन बीट म्यूट करा.

पायरी ५: क्लिक गायब

आता दोन बार क्लिक, दोन बार शांतता. बऱ्याच मेट्रोनोम ॲपमध्ये बार म्यूट करण्याची सोय असते, आणि टाइम गुरुसारख्या ॲपमध्ये बीट कुठेही अचानक गाळताही येतात. पण सुरुवात ठराविक शांततेनेच करा. जमलं की चार बार क्लिक, चार बार शांतता.

८० बीपीएमला चार बीटचा एक बार ३ सेकंदांचा असतो, म्हणजे चार बार १२ सेकंद. या काळात तुमचा वेग फक्त २ टक्क्यांनी वाढला, ८० चा साधारण ८१.६ झाला, तर क्लिक परत येईल तेव्हा तुम्ही जवळजवळ पाव सेकंद पुढे असाल. २ टक्के वेग वाढलेला वाजवताना जाणवत नाही. पाव सेकंदाची फट मात्र कुणालाही ऐकू येते. म्हणूनच हा व्यायाम इतका उपयोगी आहे.

परत आल्यावर तुम्ही क्लिकच्या पुढे होता की मागे, ते वहीत लिहा. घाई होत असेल तर ती बहुतेक वेळा फिल (दोन भागांमधली भरीची छोटी जागा) वाजवताना, जोरात वाजवताना किंवा बारीक तारांकडे जाताना होते. मागे पडत असाल तर कारण लांब नोटा. नोट धरून ठेवताना आतली मोजणी थांबते. शांत बारमध्ये "तकधिमि" पुटपुटत राहा, दोन्हींवर इलाज तोच.

पायरी ६: ड्रम ट्रॅक

क्लिक फक्त वेळ दाखवतो. ड्रम ट्रॅकमध्ये बेसला जोडीदार मिळतो. पहिला ट्रॅक निवडताना फिल नसलेला, ७० ते ९० बीपीएमचा, फक्त किक, स्नेअर आणि हाय-हॅट असलेला घ्या. तयार ट्रॅक भरपूर मिळतात, पण स्वतः बनवला तर आतलं सगळं कळतं. हायड्रोजन हे ड्रम मशीनचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

एका बारच्या १६ जागा धरा. हाय-हॅट १, ३, ५, ७ अशा सगळ्या विषम जागांवर. स्नेअर ५ आणि १३ वर, म्हणजे दुसरा आणि चौथा बीट. किक १, ९ आणि ११ वर. झाला तुमचा पहिला ग्रूव्ह, म्हणजे फिरत राहणारा ठेका. किकची ११ वरची जागा म्हणजे तिसऱ्या बीटचा "अन्", आणि तिथेच नवखे चुकतात.

ट्रॅक सुरू करून पहिलं मिनिट काहीच वाजवू नका. किक तोंडाने म्हणा: "धुम्... धुम्-धुम्." ती तोंडात बसली की एकच नोट घेऊन फक्त किकवर वाजवा. किक आणि बेस एकच वाद्य असल्यासारखे ऐकू आले पाहिजेत. नोट किकच्या किंचित आधी पडली तर दोन वेगळे आवाज येतात, "ध-धुम्". हे फोनच्या स्पीकरवर कधीच कळणार नाही, म्हणूनच सुरुवातीला हेडफोनचा आग्रह धरला.

मग नोटा कुठे तोडायच्या ते पाहा. पहिली नोट स्नेअर वाजताच तोडा. स्नेअरला मोकळी जागा मिळते आणि तोच ग्रूव्ह अचानक नाचू लागतो. पुढच्या खेपेला तीच नोट स्नेअरवरून ओढून तिसऱ्या बीटच्या किकपर्यंत न्या. दोन्हींतला फरक ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका, हे पाच मिनिटांचं काम आहे.

ड्रम ट्रॅकचा मोठा धोका म्हणजे तो तुमच्या चुका झाकतो. हाय-हॅट सतत अर्धे बीट मोजून देत असतो आणि तुम्ही त्याच्या खांद्यावर बसता. म्हणून इथेही आधार काढून घ्या. आधी हाय-हॅट बंद करा. मग किक बंद करून फक्त स्नेअरवर वाजवा, किकच्या जागा आता तुमच्याच. शेवटी दोन बार ड्रम, दोन बार काहीच नाही. स्वतः बनवलेल्या ट्रॅकमध्ये हे एका क्लिकवर होतं.

स्विंगची, म्हणजे लय झुलवणारी बटणं सुरुवातीला हाताळू नका. एमपीसीसारख्या ड्रम मशीनवर ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास म्हणजे तिनांच्या हिशेबाने झुलणारं. मधले आकडे कानाला नीट कळायला पायरी १ मधलं "तकिट" पक्कं असावं लागतं. बीटच्या किंचित मागे किंवा पुढे वाजवण्याचंही तसंच. आधी बरोबर बीटवर पडायला लागलं तरच मागे पडणं हा तुमचा निर्णय असतो, नाहीतर ती चूकच असते.

मराठी भावगीत, भजन किंवा सिनेमातली गाणी वाजवणार असाल तर तबल्याचा ठेकाही लावून बघा. केहरव्याच्या आठ मात्रा: धा गे ना ती, न क धी ना. यातला डग्ग्याचा घुमारा पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर असतो, आणि बेसला किकची जागा तीच. पहिल्यावर मूळ स्वर, सातव्यावर पुढच्या समेकडे नेणारी छोटी नोट, आणि मधे शांत. डग्गा स्वतःच घुमतो, त्यामुळे ड्रमच्या तुलनेत इथे नोटा आखूड ठेवा, नाहीतर खालचा सगळा आवाज गढूळ होतो. वेग लावताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तबल्याच्या ॲपमध्ये आकडा मात्रांचा असेल, तर केहरव्याच्या १६० मात्रा म्हणजे तुमच्या हिशेबाने ८० बीपीएम. दादऱ्यात सहा मात्रांपैकी पहिल्या आणि चौथ्यावर पाय ठेवा.

पायरी ७: रेकॉर्ड करा

वाजवताना कान खुशामत करतो, रेकॉर्डिंग करत नाही. फोनवर केलं तरी चालेल. जास्त नीट करायचं असेल तर बेस ऑडिओ इंटरफेसला (वाद्य संगणकाला जोडणाऱ्या पेटीला) जोडा आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकवर क्लिक, दुसऱ्यावर बेस घ्या. त्याआधी एक चाचणी करा. हेडफोन माइकला टेकवा आणि तोच क्लिक परत रेकॉर्ड करा. दोन क्लिकच्या रेघा एकमेकींखाली नसतील तर तेवढं अंतर लेटन्सी कॉम्पेन्सेशनमध्ये (उशीर भरून काढणाऱ्या सेटिंगमध्ये) भरून टाका. हे केलं नाही तर मशीनचा उशीर तुमच्या नावावर जमा होतो.

आता मोठं करून पाहा. सगळ्या नोटा क्लिकच्या १५ मिलिसेकंद मागे असतील तर काळजी नको, ती तुमची बसण्याची जागा आहे. एक नोट २० पुढे, पुढची ३० मागे असं असेल तर पायरी २ कडे परत जा. बघून झालं की डोळे मिटून एकदा नुसतं ऐका, कारण शेवटी लोक रेघा बघणार नाहीत.

रोजचा अर्धा तास असा वाटून घ्या. ५ मिनिटं एक नोट, १० मिनिटं पायरी ४ किंवा ५, १० मिनिटं ड्रम ट्रॅक, ५ मिनिटं रेकॉर्डिंग आणि ऐकणं. दोन तास एकाच दिवशी करण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

माणूस असलेल्या ड्रमरबरोबर वाजवायला गेलात की मात्र नियम बदलतो. तो गाण्याच्या मध्यावर ८४ वरून ८८ वर गेला तर तुम्हीही त्याच्याबरोबर ८८ वर जा. तुम्ही ८४ ला चिकटून राहिलात तर आकडा तुमचा बरोबर असेल, पण ऐकणाऱ्याला किक आणि बेस तुटलेले ऐकू येतील. वेग कुठे चढला ते गाणं संपल्यावर त्याला सांगा, आणि पुढच्या तालमीला तोच भाग दोघांनी मिळून क्लिकवर घ्या, क्लिक दोन-चारवर ठेवून.